मलंगगड दिसेनासा होतो तेव्हा : हिवाळ्यातलं धुरकं आणि हवेत तरंगणारे कण

खाडीकाठ | १४ डिसेंबर, सकाळी ९:१०

माझं घर मुलुंड पूर्वेला, अकराव्या मजल्यावर. पूर्वेच्या खिडकीतून ठाण्याची खाडी दिसते, पलीकडे पारसिकचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही मागे मलंगगडाचे सुळके. पारसिक सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर, मलंगगड पंचवीसच्या आसपास. बाबा होते तोवर रोज सकाळी चहा पिताना कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीने एक अक्षर लिहायचे. 'म' म्हणजे मलंगगड दिसला, 'पा' म्हणजे फक्त पारसिक, आणि आडवी रेघ म्हणजे काहीच नाही.

गेल्या आठवड्यात माळ्यावरून ती जुनी कॅलेंडरं काढली. पाऊस ओसरला की ओळीने 'म'. दिवाळीच्या पुढेमागे 'पा' सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीची पानं रेघांनी भरलेली. बाबांनी कधी हवेच्या प्रदूषणाबद्दल एक शब्द उच्चारला नाही, पण त्यांनी हे सगळं टिपून ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही सगळे ह्याला धुकं म्हणायचो. अजूनही सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी फोटो येतो, "काय छान धुकं पडलंय!" पण खऱ्या धुक्यात बाल्कनीचा कठडा ओला होतो, रंग पांढरा असतो आणि ऊन वर आलं की ते विरतं. आमच्या खिडकीबाहेर जे आहे ते पिवळट राखाडी आहे, कठडा कोरडा आहे, त्यावर बोट फिरवलं तर काळं होतं, आणि दुपारी बारालाही ते तिथेच असतं. धूर आणि धुकं मिळून 'धुरकं' हा शब्द मराठीत रुळलाय तो बरोबर आहे. त्यात धुक्यापेक्षा धूर जास्त.

मी रसायनशास्त्र शिकवते, हवामान हा माझा विषय नाही. वाचून जे समजलं ते एवढं : हिवाळ्यात आपण अचानक दुप्पट धूर सोडत नाही. गाड्या, भट्ट्या, बांधकामं, कचरा बाराही महिने तेवढेच. फक्त हवेचं झाकण खाली येतं. एरवी जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि धूर सोबत घेऊन जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. भूगोलाच्या पुस्तकात ह्याला तापमानाची विपरीतता म्हटलंय. दुपारी जो धूर हजार-दीड हजार मीटर उंचीत विरळ होतो, तोच पहाटे दोन-तीनशे मीटरमध्ये, कधी त्याहूनही कमी जागेत कोंडतो. भांडं तेवढंच, पाणी आटलं, मीठ तेवढंच राहिलं.

माझा प्रश्न : पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांच्या वजनाचा, आकडा दोन दिवस जवळपास सारखाच असतो, तरी एका दिवशी पारसिक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी नाही. असं का? कुणी ह्या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

---

टेकडीवरचा | १४ डिसेंबर, सकाळी १०:०२

ते झाकण मी डोळ्यांनी बघतो. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला चढतो. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर, खाली शहर साडेपाचशे-साठवर. डिसेंबरच्या शांत सकाळी वर अगदी मोकळं निळं आकाश असतं आणि खाली एक सपाट, तपकिरी थर. त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. त्यातून काही उंच इमारतींचे माथे बाहेर आलेले दिसतात. कुठे कचरा पेटला असेल तर धुराची रेघ सरळ वर येते, त्या कडेपाशी पोचली की आडवी पसरते, पुढे जातच नाही.

मग मी त्या थरात उतरतो आणि घरी जातो. घरी आई ऐंशी वर्षांची आहे, ती आत्ता त्याच हवेत बाल्कनीत प्राणायाम करत असते. तिला ह्या दोन महिन्यांपुरतं उशिरा कर म्हणून विनवतोय.

---

रानजाई | १४ डिसेंबर, दुपारी १:३०

विषयाला धरून एक शंका. आमच्या चंद्रपूरकडे लहानपणापासून थंडीत धुकं बघितलंय, तेव्हा एवढ्या गाड्या नव्हत्या. मग सगळं धुकं प्रदूषणाचं कसं म्हणायचं? आणि आमच्याकडे तर औष्णिक वीज केंद्र, खाणी, सगळंच आहे. राखेचं म्हणाल तर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते. पण राख दिसते म्हणून तीच डोंगर झाकते का?

---

अभ्रमापक | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

काही वर्षं हवेतले कण मोजायच्या उपकरणांवर काम केलंय, म्हणून दोघींनाही सविस्तर उत्तर देतो. रानजाई, तुमच्यापासून सुरुवात करतो, कारण खाडीकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

धुकं नैसर्गिक असतंच. पण कणाशिवाय धुकं जमत नाही. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला होता. काचेच्या एका भांड्यात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेत दाट धुकं झालं, गाळलेल्या हवेत काहीच नाही. पाण्याच्या वाफेला थेंब व्हायला बसायची जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हवेतला कण. तुमच्या लहानपणीही कण होतेच : मातीचे, चुलीचे, झाडांतून निघणाऱ्या वायूंपासून तयार झालेले. आता त्यांची संख्या खूप वाढली. तेवढंच पाणी जास्त कणांवर वाटलं गेलं की थेंब बारीक होतात. बारीक थेंब सावकाश खाली बसतात आणि प्रकाश जास्त अडवतात. म्हणजे धुकं तेच, पण जास्त दाट आणि जास्त वेळ टिकणारं.

आता राख. कपड्यांवर दिसते ती जाड राख. डोंगर झाकणारे कण त्याहून फार लहान. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कणाचा आकार ह्या लांबीच्या आसपास आला की तो प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतो. म्हणून ०.१ ते १ मायक्रॉनचे कण हेच धुरक्याचे खरे धनी.

वजनाचं उदाहरण देतो. एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम बारीक कण म्हणजे आपल्याकडच्या २४ तासांच्या ६० च्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त. पण वजन किती? साखरेचा एक दाणा अर्धा मिलिग्रॅमचा धरला, तर तो पाच घनमीटर हवेत, म्हणजे लहानशा न्हाणीघरात, वाटावा लागेल. सगळा दाणा तसाच हवेत टांगला तर कुणाला दिसणारही नाही. तोच अर्ध्या मायक्रॉनचे कण होईपर्यंत कुटला की काही अब्ज कण होतात, आणि तेवढ्यांनी डोंगर जातो.

आता खाडीकाठ यांचा प्रश्न : आकडा तोच, मग डोंगर कधी दिसतो, कधी नाही, असं का?

कारण कण पाणी पितात. सल्फेट, नायट्रेट, समुद्राचं मीठ हे सगळे पाणी ओढणारे. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. हवेतलं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतं, अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे आर्द्रता ९०-९५ कडे जाऊ लागली की कण फुगतच जातात. आणि हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्रातलं उपकरण आत येणारी हवा थोडी गरम करून कोरडी करतं, मग कणांचं वजन मोजतं. म्हणजे आकडा कोरड्या कणांचा आणि डोळ्यांना दिसतं ते पाणी प्यायलेल्या कणांचं.

ढोबळ हिशोब मांडतो. कण कोरडे असताना १०० मायक्रोग्रॅमला दृश्यता साधारण तेरा किलोमीटर येते. तेव्हाच तुमचा मलंगगड गेला, पारसिक आहे. तेच कण पहाटेच्या दमट हवेत फुगून प्रकाश तिप्पट विखुरू लागले की दृश्यता चार-साडेचार किलोमीटर. पारसिकही गेला. हवेत एकही कण नसता तर फक्त हवेच्या रेणूंमुळे दृश्यता तीनशे किलोमीटरच्या घरात असती.

तुमच्या वडिलांनी जे केलं ती हवामानखात्याची जुनी, अधिकृत पद्धत आहे. ठरावीक अंतरावरच्या खुणा, टॉवर, टेकडी, मंदिराचा कळस, त्यातली कुठली दिसते ते लिहायचं. ती कॅलेंडरं कृपया रद्दीत देऊ नका.

---

खाडीकाठ | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

अभ्रमापक, मनापासून आभार. हे कुणीतरी बाबांना सांगायला हवं होतं. कॅलेंडरं जपून ठेवलीत, फोटो काढून इथे टाकेन.

---

इवलीची_आई | १५ डिसेंबर, सकाळी ७:५५

माझी मुलगी सात वर्षांची, बालदमा आहे. दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमचं घर तिच्या खोकल्यावर चालतं. तिच्या शाळेत खेळांचा सराव सकाळी सातला. वेळ बदला म्हणून अर्ज दिला तर "अ‍ॅपवर हवा मध्यम दाखवतेय" असं उत्तर मिळालं. मला त्या उत्तरावर काय बोलावं हे सुचलं नाही. आकडा मध्यम आणि पोर धापा टाकतेय, ह्यातलं खरं काय?

---

अभ्रमापक | १५ डिसेंबर, सकाळी ११:१५

इवलीची आई, खरी तुमची मुलगी. आपल्याकडचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, कणांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात. त्यात दुपारची बरी हवा आणि सकाळची वाईट हवा एकत्र मिसळते. शाळेला दाखवायचा असेल तर ताशी पीएम २.५ चा आलेख दाखवा, तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्रासाठी मिळतो. हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी रात्री उशिरापासून सकाळी नऊपर्यंत चढ आणि दुपारी दोन ते चारला उतार दिसतो. आणि 'मध्यम' ह्या शब्दावर जाऊ नका. १०१ ते २०० म्हणजे मध्यम, आणि त्या पट्ट्यातसुद्धा दमा, हृदयविकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो असं त्याच निर्देशांकाच्या तक्त्यात लिहिलंय. तो तक्ता छापून अर्जाला जोडा.

मुलीला बाहेर पडावंच लागलं तर नीट घट्ट बसणारा एन ९५ मास्क. लहान मुलांच्या मापाचा नसेल तर कडेने हवा शिरते. रुमाल आणि ओढणीतून हे कण सरळ आत जातात. औषधाचं मात्र डॉक्टरच ठरवतील.

---

विटामाती | १५ डिसेंबर, दुपारी ३:४०

मी बांधकाम क्षेत्रात साइट इंजिनियर आहे, मुंबईतच. ह्या धाग्यावर आमचं नाव येणारच, म्हणून मीच आधी बोलतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने २७ कलमी नियम काढले, त्याच महिन्याच्या शेवटी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुऊनच बाहेर सोडणं हे सगळं सुरू झालं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेची सगळी बांधकामं थांबवली होती, तेव्हा कामगार बसून होते. नियम हवेतच. मी स्वतः आमच्या गेटवर चाकं धुवायचा हौद बांधून घेतला. कारण आमचा मजूर ती धूळ दिवसभर खातो आणि रात्री तिथेच पत्र्याच्या खोलीत झोपतो. खिडकी लावून घ्यायची सोयही त्याला नाही.

पण अभ्रमापक जे सांगतायत त्यावरून माझ्या मनातली एक गोष्ट पक्की झाली. फवारा मारला की आमची धूळ बसते, कारण ती जाड असते, पीएम १० च्या (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) बाजूची. डोंगर मात्र दुसऱ्या दिवशीही दिसत नाही. म्हणजे फवाऱ्याने धुरकं जाणार नाही, बरोबर ना?

---

अभ्रमापक | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:०५

बरोबर. जाड धूळ वजनात भरते, पीएम १० चा आकडा तीच फुगवते, फुप्फुसांनाही वाईट. पण तेवढ्याच वजनाचे बारीक कण प्रकाश कितीतरी जास्त अडवतात. आणि बारीक कणांतला मोठा हिस्सा कुठल्याच चिमणीतून कण म्हणून बाहेर पडलेला नसतो. तो हवेतच तयार होतो. दगडी कोळशातून सल्फर डायऑक्साइड, गाड्यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड, शेतातल्या युरियातून, गोठ्यांतून, गटारांतून अमोनिया. हे वायू एकमेकांना भेटून सल्फेट आणि नायट्रेट होतात. अमोनियम नायट्रेट उन्हाळ्यात पुन्हा वायू होऊन जातं, थंडीत मात्र कण म्हणून टिकतं. त्यामुळे झाकण खाली येणं हे एक कारण, आणि थंडीमुळे वायूचे कण होणं हे दुसरं. खाडीकाठ यांच्या पहिल्या पोस्टमध्ये एवढी भर घालावीशी वाटते.

रानजाई, म्हणूनच तुमच्याकडची दिसणारी राख एक आणि न दिसणारा सल्फर डायऑक्साइड दुसरा. तो वाटेत, कित्येक तासांनी, दूर कुठल्यातरी गावावर सल्फेट होऊन पोचतो.

---

यमुनाकाठी | १५ डिसेंबर, रात्री ११:३०

नोकरीनिमित्त बारा वर्षं दिल्लीत आहे, मूळ सांगलीचा. इथलं सांगतो, कारण महाराष्ट्रात 'दिल्लीचं धुरकं म्हणजे पराळी', म्हणजे शेतात जाळलेलं भाताचं काड, एवढंच पोचलेलं दिसतं. पराळी साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत जळते. जानेवारीत एकही शेत पेटलेलं नसतं आणि तरी समोरची इमारत दिसत नाही.

त्याचं एक कारण आयआयटी मद्रासच्या सचिन गुंठे यांच्या गटाने शोधलं. २०२१ मध्ये नेचर जिओसायन्समध्ये ते प्रसिद्ध झालं. दिल्लीच्या कणांमध्ये क्लोराइड फार आहे. प्लास्टिकसकट कचरा जाळला, काही उद्योगांतून निघालं, की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत जाते, अमोनियाला भेटते आणि अमोनियम क्लोराइड तयार होतं. ते पाणी अधाशासारखं ओढतं. थंडीत दृश्यता जी कमी होते तिच्यातला जवळपास निम्मा भाग ह्या क्लोराइडने ओढलेल्या पाण्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो वाचल्यापासून नाक्यावर पेटलेल्या पिशव्यांच्या ढिगाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

आणि पुण्याची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) २०१५ च्या हिवाळ्यापासून इथल्या विमानतळावर धुक्याचाच अभ्यास करतेय. पुणेकरांनी ह्याचा अभिमान बाळगावा.

---

ऊसतोड_नाही_पाचट | १६ डिसेंबर, सकाळी ८:३०

यमुनाकाठी, गाववाले! मी वाळव्याकडची. आपल्याकडेही उसाचा गाळप हंगाम नेमका थंडीतच. तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलं की तो धूर संध्याकाळी ओढ्याच्या कडेने गावावर येऊन बसतो, सकाळपर्यंत हलत नाही. माझ्या भावाने तीन वर्षांपूर्वी पेटवणं थांबवलं. पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवतो. पहिल्या वर्षी उंदीर होतील, खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस) फुटणार नाही म्हणून सगळ्यांनी घाबरवलं. खोडवा नीट फुटला, आणि उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचली असं तो सांगतो. कुट्टीचं यंत्र वेळेवर भाड्याने मिळणं हीच खरी अडचण. ते मिळालं तर लोक काडी लावणार नाहीत, कुणाला हौस नसते.

---

मोकळा_वारा | १६ डिसेंबर, दुपारी १२:१०

थोडं वेगळं मत मांडतो. मुंबईला समुद्र आहे. वारा सुटला की दोन दिवसांत सगळं साफ. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा दिल्लीशी बरोबरी करत होती, तेव्हा तज्ज्ञांनी ला निनाचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याचं, कारण दिलं होतं. मग हा निसर्गाचा भाग झाला. त्यासाठी लाकडाच्या भट्टीच्या बेकऱ्या आणि बांधकामं बंद करून लोकांची रोजीरोटी का मारायची?

---

खाडीकाठ | १६ डिसेंबर, दुपारी २:००

मोकळा वारा, रोजीरोटीचा मुद्दा अगदी मान्य. भट्टी बदलायला बेकरीवाल्याला कर्ज आणि गॅसची जोडणी मिळायला हवी, नुसती नोटीस नाही.

पण ला निनाबद्दल असं म्हणेन. त्या हिवाळ्याचा अभ्यास गुफरान बेग यांनी मांडला. पुण्याच्या आयआयटीएमने उभारलेल्या 'सफर' ह्या हवा अंदाज प्रणालीचे ते प्रमुख होते. ला निनामुळे वाऱ्यांची घडी बदलली, उत्तरेकडच्या काही शहरांची हवा सुधारली आणि मुंबईची बिघडली. ह्यातून मला एवढंच समजतं की मुंबईला आजवर समुद्राने वाचवलं होतं. धूर आपणच सोडत होतो, वारा तो उचलून नेत होता. वारा थांबला आणि आपलाच धूर आपल्याला दिसला. शिवाय वारा उचलून नेतो तो कुठे? रात्री जमिनीवरून समुद्राकडे, आणि दुपारी खारा वारा सुटला की त्यातला काही भाग परत आपल्याकडे, पुढे खाडी ओलांडून माझ्या बहिणीकडे कळव्याला.

---

यमुनाकाठी | १६ डिसेंबर, रात्री ९:५०

एक छोटी, करण्याजोगी गोष्ट. इथे हवा बिघडली की सोसायट्यांनी रात्रीच्या पहारेकऱ्यांना विजेचा हीटर द्यावा असं सरकारी आदेशातच असतं. कारण थंडीत तो बिचारा जे मिळेल ते पेटवतो, लाकूड, पुठ्ठा, प्लास्टिक, टायर. आणि तो धूर सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातो. मुंबईत एवढी थंडी नाही, पण पुणे, नाशिक, नागपूरला शेकोट्या पेटतातच.

---

टेकडीवरचा | १९ डिसेंबर, सकाळी ८:१५

यमुनाकाठी, आमच्या सोसायटीत आज ठराव झाला. दोन गेटांवर दोन हीटर, विजेचं बिल सोसायटीचं. पहारेकरी काका म्हणाले, "साहेब, रात्रभर डोळे चुरचुरायचे, ते तरी थांबेल." झाडलेली पानं जाळणं बंद करून मागच्या बाजूला खड्डा घेतलाय. आईनेही प्राणायाम अकराला करायचं कबूल केलं.

---

इवलीची_आई | २० डिसेंबर, दुपारी ४:३०

ताशी आलेख आणि तक्ता दोन्ही छापून नेले. अजून चार पालक सोबत आले. सराव सोमवारपासून दुपारी अडीचला. अभ्रमापक काका, तुमचे उपकार.

---

विटामाती | २१ डिसेंबर, सकाळी ७:४०

आजपासून मीही लिहायला लागलो. शिवडीला चौदाव्या स्लॅबवरून : अटल सेतू पहिल्या काही खांबांपर्यंत, पुढे नाही. कठडा कोरडा.

---

रानजाई | २१ डिसेंबर, सकाळी ८:०५

चंद्रपूर : केंद्राच्या चिमण्या पुसट. आज कठडा ओला, म्हणजे धुकंही आहे.

---

खाडीकाठ | २१ डिसेंबर, सायंकाळी ५:२०

मुलुंड : सकाळी सातला रेघ. अकराला पारसिक पुसट. दुपारी तीनला पारसिकची कड आणि खाणीचे कापलेले टप्पे स्पष्ट. मलंगगड नाही. बाबांच्याच कॅलेंडरच्या कोऱ्या पानावर 'पा' लिहिलाय.